ओरेस्टच्या काठीचं न मोडणारं पातं

ओरेस्ट डुचाक एकसष्ट वर्षांचा झाला, गुडघे केव्हाच संपावर गेले, तरी हॉकीत आपली जागा आघाडीलाच, हा त्याचा समज काही सुटला नाही. आमच्या हेल्मरमध्ये एप्रिलात बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवरचा बर्फ काढला की म्हातारी मंडळी दर शनिवारी चर्चच्या डांबरी आवारात चेंडू घेऊन खेळतात. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या या कोपऱ्यात करायला दुसरं आहे काय! नियम एकच, पण कडक: ज्याची काठी मोडेल त्याने आपल्या संघाच्या गोलात उभं राहायचं, संघातल्या दुसऱ्या कुणाची मोडेपर्यंत. ओरेस्टने असे दोन उन्हाळे गोलात काढले. गेल्या ऑक्टोबरात त्याच्याच संघातल्या कॉर्नी सवात्स्कीची काठी मोडली आणि याची सुटका झाली, तेव्हा गडी मुकाट्याने चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आला. तो नाही म्हणतो. मी पाहिलंय.

आता त्याच्या काठीचं पातं, म्हणजे चेंडू मारायची खालची पट्टी, डांबरावर घासून घासून सुरीसारखं पातळ झालं होतं. दांडा ॲल्युमिनियमचा, ठणठणीत. पातं तेवढं बदलायचं. शनिवारच्या आत. म्हणून बायकोला, स्टेलाला, गाडीचं तेल आणायला जातो असं सांगून तो वर्नाच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेला. खोटं का? तर तरुणपणी एका लग्नात तो वर्नाबरोबर सलग चार नाच नाचला होता. स्टेला तो हिशेब अजून विसरलेली नाही.

दुकानात त्याने एकेक पातं बुटाखाली दाबलं, गुडघ्यावर वाकवलं, पायरीच्या सिमेंटवर खसाखसा घासलं. वर्ना काउंटरवर कोपर टेकून बघत होती.

"पातं घेतोयस की घोडा?"

"देखणं नको मला, वर्ना. न मोडणारं दे."

लाकडी पातं बर्फावरच शोभतं, डांबरावर महिन्याभरात त्याची दात कोरायची काडी होईल, असं सांगत तिने जाड पांढरं प्लॅस्टिकचं पातं पुढे केलं. हे झिजेल, पण मोडायचं नाही. फक्त सपाट येतं. घरी तापवून बाक द्यायचा.

घरी स्टेला पिरोही, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, उकडत होती. पातं कुठून आलं हे तिने विचारलं नाही, पण शेजारची शेगडी देताना पातेलं जरा जोरात सरकवलं. ओरेस्टने पोकळ दांड्यात पात्याचा खुंट बसवून स्क्रू पिळला, काठी उलटी धरून पातं आचेवर मऊ केलं, झोकात बाक दिला आणि गार पाण्यात बुडवलं. इथेच घोळ झाला. उलट्या काठीवर डावं-उजवं पालटलं. गडी डावखुरा, आणि बाक पडला उजव्या हाताचा.

हे कळलं शनिवारी, खेळ सुरू झाल्यावर. पहिलाच फटका पात्यावरून घरंगळून पाद्रीबाबांच्या गाडीखाली गेला. दुसराही तिकडेच. गोलातला कॉर्नी पोट धरून हसला आणि मग गोड आवाजात म्हणाला, "ओरेस्ट, लेका, हे असलं घेऊन पुढे कशाला तडफडतोस? ये, गोलात उभा राहा. मी जातो पुढे."

"काठी मोडलीय का माझी?"

"मोडली नाही, पण..."

"मग तू तिथेच राहा."

नियम तो नियम. कॉर्नीने संघातल्यांनाच डोळे मारून ओरेस्टच्या काठीवर पाय ठेवायला लावले. एकदा तर दोघे एकदम त्यावर चढले. पातं वाकलं, कुरकुरलं आणि पुन्हा होतं तसं झालं. ओरेस्टने तासभर आघाडीला राहून एकही गोल केला नाही. समोर मोकळा गोल असताना चेंडू मात्र चर्चच्या ओसरीवर पाठवला. संघ सहा विरुद्ध एक असा हरला.

घरी आला तेव्हा स्टेलाने विचारलं, जिंकलात का?

"हरलो," तो खुर्चीत बसून बुटांचे बंद सोडत म्हणाला. चेहरा असा फुललेला की तिला वाटलं, हा पुन्हा वर्नाकडे जाऊन आला की काय. "पण सगळा वेळ पुढे खेळलो."