आबांचा डब्बा विकायला काढला तेव्हा

घर विकायचं ठरलं तेव्हा मला त्या घरात सून म्हणून येऊन दोनच वर्षं झाली होती. आमच्या ह्यांना धुळ्याच्या शाळेत मास्तरकी मिळाली. सासूसासऱ्यांना मागे ठेवायचं नव्हतं, तेव्हा जळगावचं घर विकून सगळ्यांनीच धुळ्याला जायचं असं घरात ठरलं.

अडचण एकच होती. आमचं घर घरासारखं नव्हतं.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. ते भुसावळला रेल्वेत गार्ड होते. नोकरी संपल्यावर त्यांनी मेहरूणच्या तळ्याच्या अंगाला जागा घेतली आणि तिथं हुबेहूब आगगाडीच्या डब्यासारखं घर बांधलं. एकापुढे एक अशा सहा खोल्या आणि सगळ्यांना धरून एका अंगानं लांबलचक बोळ. भिंतींना तांबडा तेलरंग. खिडक्यांना वरखाली सरकणाऱ्या लाकडी झडपा, खोल्यांत भिंतीला ठोकलेली बाकं आणि प्रत्येक दारावर पांढऱ्या रंगात आकडा. स्वयंपाकघर सहाव्या खोलीत, अगदी शेवटी. त्याला आबा ‘गार्डाचा डबा’ म्हणत. टांगेवाल्याला पत्ता सांगावा लागत नसे. ‘डब्बा’ म्हटलं की तो घोडा वळवायचा.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते म्हणजे डाळीचा एक व्यापारी. बरोबर त्याची बायको. आबांनी ठणकावून सांगितलं होतं, “घर मीच दाखवणार.” त्या दिवशी त्यांनी पेटीतून जुना गार्डाचा कोट काढून अंगात चढवला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

“देवघर कुठंय?” व्यापाऱ्याच्या बायकोनं आल्या आल्या विचारलं.

“तीन आणि चार नंबरच्या मध्ये,” आबा म्हणाले. “पण त्याआधी ही खिडकी बघा. गाडीत असते तश्शी. डोकं बाहेर काढा, तळं दिसेल.”

व्यापाऱ्यानं भोळेपणानं डोकं बाहेर काढलं. तळं खरंच दिसलं असावं, कारण तो “वा!” म्हणाला. तेवढ्यात झडपेचा खटका निसटला. डोकं वेळेवर आत आलं, पगडी मात्र बाहेरच राहिली. मी धावत जाऊन अंगणातून ती आणून दिली. त्यानं ती झटकली, डोक्यावर ठेवली, आणि पुढच्या चार खोल्या न बघताच “कळवतो” म्हणून निघून गेला. त्याची बायको देवाला हात जोडायलासुद्धा थांबली नाही.

“बठ्ठा लोक हासतस,” सासूबाई म्हणाल्या. सगळे लोक हसतात आपल्याला, असं त्यांचं म्हणणं. त्या अहिराणीच बोलत, आणि रागावल्या म्हणजे जरा जास्तच.

ह्यांनी मग कारभार हाती घेतला. एका वकिलांना घर बघायला यायचं होतं. त्याच्या दोन दिवस आधी ह्यांनी आबांना भुसावळला जुन्या दोस्तांकडे पाठवून दिलं. आबा गाडीत बसले न बसले तोच अंगणात चुन्याचं पिंप उतरलं.

दोन दिवस आम्ही घराला घर बनवत होतो. तांबड्या भिंतींवर चुन्याचे हात मारले. दारावरचे आकडे आंब्याच्या डहाळ्यांनी झाकले. बाकांवर गाद्या आणि तक्के टाकले, झडपांपुढे माझ्या लग्नातली लुगडी पडद्यासारखी सोडली. अंगणात मी एवढी मोठी रांगोळी काढली की उंबऱ्यापाशी पाय ठेवायला जागा उरली नाही. सासूबाई म्हणाल्या, माणसाला घर आवडतं ते नाकानं. त्यांनी सकाळीच वांगी भाजायला टाकली. भरताचा वास सहाव्या खोलीतून निघून पहिल्या खोलीत पोचला. एवढ्या लांबून येऊनही तो कमी झाला नव्हता.

वकील काळा कोट घालून आले. त्यांच्याबरोबर त्यांची म्हातारी आई होती. सुरुवात छान झाली. आई म्हणाल्या, “रांगोळी सुरेख आहे.” वकील म्हणाले, “घर हवेशीर आहे.” हे तिसऱ्या खोलीपर्यंत इतके खुशीत आले की घराला दोन-चार गुण स्वतःच्या पदरचे जोडू लागले.

पाचव्या खोलीत आई थांबल्या. “मुली, अजून किती राहिलं गं? निघाल्यापासून चालतेच आहे मी.”

“आलंच, एकच राहिलं,” मी म्हटलं. मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडाशी धरला.

वकीलही जरा विसावले आणि भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. तेलरंगावर चुना धरत नाही हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते बाजूला झाले तेव्हा भिंतीवर माणसाच्या आकाराचा तांबडा डाग उमटला होता आणि तिथला सगळा चुना कोटावर आला होता.

नेमके त्याच वेळी आबा दारात उभे. दोस्ताकडे मन रमलं नाही म्हणून सकाळच्या गाडीनंच परत आले होते. ते ओरडले नाहीत. पांढऱ्या भिंतींकडे बघत सावकाश बोळातून चालत आले, वकिलांच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाले, “साहेब, माफ करा. हे घर असं नाही. तुम्हाला फसवलं जात होतं.”

वकील गेले. हे रागानं बाहेर निघून गेले. सासूबाईंनी भरीत वाढलं. आबांनी ताटाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली आणि नारळाची शेंडी घेऊन भिंत घासायला लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं. आबांचा कालचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता एवढंच. थोड्या वेळानं आबाही दुसरी बादली घेऊन शेजारी आले. घासता घासता मी विचारलं, “आबा, असंच घर का बांधलंत?”

त्यांनी शेंडी बादलीत बुडवून घेतली. मग म्हणाले, “सगळा जन्म मी लोकांना गावोगाव पोचवलं. हिला म्हणायचो, काशीला नेईन, मुंबई दाखवीन. रजा मिळाली तेव्हा घरात अडचण, अडचण नव्हती तेव्हा रजा नाही. म्हटलं, हिला गाडीत बसवता आलं नाही, तर गाडीच घरी आणू.”

सासूबाई दारात गहू निवडत बसल्या होत्या. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “मले गाडी लागस. नुसता वास वना तरी मळमळ व्हस.”

आबांच्या हातातली शेंडी थांबली. “मग बोलली का नाहीस कधी?”

“तुम्हले टाईम कव्हय व्हता?”

आधी मला हसू फुटलं. मग सासूबाई हसल्या. आबा एवढे हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. हे आतून आले आणि तिघांना हसताना बघून काही न विचारता त्यांनी आबांची बादली उचलली.

त्यानंतर आठवड्याभरानं एक बाई आल्या. जुन्या बाजारात त्यांची खानावळ होती. विधवा होत्या, मूळच्या यावलकडच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या. चुना लावलेल्या वकिलांची गोष्ट गावभर झाली होती, तीच त्यांनी जेवणाऱ्यांच्या तोंडून ऐकली होती. “भाऊ, मी काही घ्यायला नाही आले,” त्या आबांना म्हणाल्या. “नुसतं बघायला आले.”

आबांनी सगळं घर दाखवलं. खटका निसटतो हेही सांगितलं. बाई बोळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि तशाच परत आल्या. मग खाली पाटावर बसल्यासारख्या मांडी घालून बसल्या आणि लांबवर नजर टाकली.

“इथं एका ओळीत केवढी पंगत बसेल!” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “माझ्या पोरी चार खोल्यांत वळसे घालून दमतात. इथं चुलीपासून निघाली की सरळ शेवटच्या पानापर्यंत.”

“वाढणारीला मागे वळावं लागणार नाही,” आबा हळूच म्हणाले.

“रंग कोणता हा?”

“डब्याचा.”

“हाच ठेवणार मी.”

घर त्यांनीच घेतलं. आम्ही निघालो त्या दिवशी बाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तीच त्यांची तिथली पहिली पंगत. हमाल, कारकून, बाजारातले दोन-तीन दुकानदार असे सगळे बोळात बसले होते. आबांना मानाचं पान मांडलं होतं, पण ते काही केल्या बसेनात. शेवटी त्यांनी बाईंच्या हातातलं वरणाचं भांडं घेतलं आणि एका टोकापासून वाढत निघाले.

पुढे धुळ्याहून काही ना काही काम काढून ते जळगावला जात. परत आले की सासूबाई विचारायच्या, जेवण कसं होतं. ते म्हणायचे, “पोळ्या बऱ्या होत्या. वरण जरा पातळ होतं.”