हलक्या कामाचं टेबल

"मॅडम, बालाजीला तुम्ही घेऊन जा. आमच्याकडून आता होणार नाही."

महाळुंग्याच्या एका कंपनीतून एचआरच्या स्नेहलचा फोन होता. ही कंपनी गाड्यांचे हेडलॅम्प बनवते. बालाजी तिथे हेल्पर. लातूरकडचा, तिशीतला. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे इतरांना ऐकू न येणारे आवाज त्याला ऐकू येतात. गोळ्या नियमित चालू आहेत. मी जॉब कोच. मानसिक आजार असलेल्या माणसाला नोकरीला लावायचं आणि ती टिकेपर्यंत त्याच्या पाठीशी राहायचं, हे माझं काम. घेऊन जायला बालाजी काही पार्सल नाही, एवढं मी स्नेहलला सांगितलं आणि उद्या सकाळी येते म्हणाले.

आमची संस्था यावर एक अभ्यास करतेय. पूर्वी अशा माणसांना संस्थेत बसवून वर्षानुवर्षं मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करायला शिकवायचे. नोकरीपर्यंत बहुतेक जण पोचायचेच नाहीत. आमची पद्धत उलटी. आधी खरी नोकरी, खरा पगार. शिकायचं ते तिथेच, कामावर. आपल्या कारखान्यांत हे चालतं का, ते आम्ही तपासतोय. मला विचाराल तर चालतं. पण माझं मत अहवालात धरत नाहीत.

बालाजीला या अभ्यासाशी काही देणंघेणं नव्हतं. तो मोशीला बहिणीकडे राहायचा. आधीच्या नोकऱ्या सुटलेल्या. हीपण सुटली तर दाजी त्याला गावी पाठवणार होते, आणि गावी वडील त्याला घराबाहेर पडू देत नसत. त्याच्यासाठी प्रश्न एवढाच होता, आणि तो पुरेसा मोठा होता.

सकाळी चाकणच्या ट्रकांमधून स्कूटर काढत पोचले. गेटवर हेल्मेट आणि सेफ्टी शूज चढवले. स्नेहलचं म्हणणं असं, की सुरुवातीला सगळं छान होतं. हल्ली मात्र तो एकटाच पुटपुटतो, मध्येच उठून गेटपाशी जाऊन उभा राहतो, न सांगता दांडी मारतो. सिक्युरिटीनेही तक्रार केली होती. आठवडाअखेर निर्णय घ्यायचा होता.

मी विचारलं, मधल्या काळात बदललं काय? ती म्हणाली, काहीच नाही, उलट आम्ही त्याला सोपं काम दिलंय.

हे 'उलट' ऐकलं की माझे कान टवकारतात.

सोपं काम देणारे होते असेंब्ली लाइनचे सुपरवायझर तुपे. महाळुंग्याचेच, पन्नाशीतले. बालाजीच्या परवानगीने त्याच्या आजाराबद्दल फक्त त्यांना आणि स्नेहलला सांगितलेलं होतं. आता, इकडच्या कंपन्यांत एक चांगली रीत आहे. कुणाची कंबर धरली, कुणाचं ऑपरेशन झालं, की त्याला लाइनवरून काढून हलकं काम देतात. तुप्यांनी तेच केलं होतं. स्टोअरच्या मागच्या कोपऱ्यात एक टेबल टाकलं आणि बालाजीला पिशव्यांत क्लिपा भरायला बसवलं. एकट्याला.

"ताई, त्याला ताण नको म्हणून ठिवला तिकडं," ते म्हणाले. "पंखा हाय, गडबड न्हाई. सवताच्या पोराला बी मी एवढं जपलं नसतं."

खरंच जपलं होतं. म्हणून तर माझी चिडचिड झाली. निष्काळजी माणसाशी भांडणं सोपं असतं, मायाळू माणसाशी कसं भांडणार?

मी स्टोअरमध्ये जाऊन बालाजीशेजारी स्टूल ओढून बसले. त्याने वर पाहिलं नाही. काम कसं आहे विचारलं तर ठीक म्हणाला. मग मी लाइनवरचं विचारलं.

"लाइनवर बरं होतं," तो म्हणाला. "स्क्रूची गन वाजायची, पुढचा माणूस पीस मागायचा. इथं शांत हाय मॅडम. शांत झालं की ते बोलायलेत. म्हणायलेत, तुला काढलंय, फक्त सांगितलं नाही."

आवाज खोटे असतात असं आम्ही नेहमी समजावतो. या वेळी ते फार चुकीचं बोलत नव्हते.

मी सरळ केबिनमध्ये जाऊन सांगितलं की त्याला परत लाइनवर घ्या. स्नेहल सायकल टाइमवर अडली. सायकल टाइम म्हणजे एका माणसाने एक पीस पुरा करून पुढे द्यायला ठरवून दिलेला वेळ. एक जण मागे पडला की अख्खी लाइन थांबते. मी म्हटलं, आठवडाभर मी त्याच्याजवळ उभी राहते. नाही जमलं तर मीच त्याला घेऊन जाईन.

"आन् ताण आला तर?" तुप्यांनी विचारलं.

"ताण सगळ्यांना येतो, तुपेदादा. त्याला एकट्यालाच तुम्ही बाजूला काढलंत, म्हणून तो घाबरलाय."

तुप्यांनी लाइनवरची त्याची जुनी जागा मोकळी करून दिली.

पहिला दिवस वाईट गेला. हवेवर चालणाऱ्या गनने लॅम्पला स्क्रू मारायचे, एवढंच काम. पण स्क्रू त्याच्या हातातून पडायला लागले. त्याच्यापाशी लॅम्प साचले, पुढचा सचिन मोकळ्या हातांनी उभा राहिला, लाइन अडल्याचा वरचा लाल दिवा लागला. तुपे धावत यायला निघाले, मी हातानेच थांबवलं. मदत करायला निघालेल्यांना अडवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. बालाजीने माझ्याकडे पाहिलं. "पुढचा घ्या," एवढंच मी म्हटलं.

गोळ्यांमुळे त्याचा हात थोडा थरथरतो. म्हणून स्क्रूचा ट्रे लांबून उचलून अगदी हाताखाली आणला. सकाळी अंगात सुस्ती असायची, ती डॉक्टरांनी रात्रीच्या गोळीची वेळ अलीकडे घेतल्यावर कमी झाली. बाकी मी फक्त उभी होते. आठवडा संपता संपता त्याच्या जागेवर दिवा लागणं बंद झालं. पुटपुटणं अजून आहे. गनच्या आवाजात ते कुणाला ऐकू येत नाही, आणि पीस वेळेवर मिळतोय तोवर सचिनलाही त्याचं काही नाही. स्नेहलने त्याला ठेवून घेतलं.

मग एका दुपारी तुप्यांचा फोन आला. आवाज पडलेला.

"ताई, चूक झाली माझ्याकडनं. बालाजीला झापला आज. पार सगळ्यांसमोर. सचिनसंगं गप्पा हाणत बसला, लाइन थांबली. निघून गेलं तोंडातनं."

मी विचारलं, बाकीच्यांना झापता का?

"त्यांचं काय, रोजचंच हाय ते."

"मग बालाजी काय म्हणाला?"

"सॉरी म्हणला. आन् जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांत बसून मलाच शिव्या घालत व्हता."

फोन ठेवला आणि मला भरून आलं. अहवालात मी 'नोकरी टिकली' एवढंच लिहिलं, कारण रकाना तेवढाच आहे. पण एखाद्या कंपनीने असा माणूस खरोखर सामावून घेतलाय का, हे कसं ओळखायचं असं कुणी विचारलं, तर मी सांगते: त्याला इतरांइतक्याच शिव्या बसतात का, ते बघा.