हात खिशात, मग तक्रार

आमच्या सान सोस्ती या इटालियन क्लबात अशी वदंता आहे की एर्सिलिया तालारिकोने स्वतःच्या नवऱ्याचा चेंडू बाद केला, कारण त्या सकाळी त्याने तिच्या वांग्यांना तेलकट म्हटलं होतं. न्हाव्याच्या दुकानात ही गोष्ट वांग्यांची आहे. बेकरीत ती सॉसमधल्या मिठाची होते. आणि चर्चच्या पायऱ्यांवर पोचेपर्यंत तिच्यात एक विधवा येते, जी बिचारी केव्हाच थंडर बे शहरात राहायला गेली.

वांगी तेलकट होती, हे खरं. नझारेनो तसं म्हणाला आणि त्यावरून भांडण झालं, हेही खरं. पण त्या घरात भांडण रोज होतं, त्याला वांग्यांची गरज नसते. चेंडू बाद झाला तो काठीमुळे.

एर्सिलिया आमच्या गुरुवारच्या बॉचीच्या, म्हणजे चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, लीगची पंच. सगळे तिला झिया म्हणतात, ज्यांची ती सख्खी मावशी-आत्या नाही तेसुद्धा. बुटकी, रुंद, केस कोळशासारखे काळे आणि ते तसेच राहतील अशी व्यवस्था केलेली. तिची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात गेली, यंत्रांच्या खडखडाटात. त्यामुळे ती हळू बोलते तेव्हाही पलीकडच्या यंत्रावरच्या बाईला ऐकू जाईल असं बोलते. वाक्य संपलं की दार आपटल्यासारखं वाटतं. "बाद." धाड. "मोज." धाड. "तोंड मीट, फिओरेन्झो." धाड, आणि वर कडी.

तिच्या हातात नेहमी गाडीच्या रेडिओची एरियल असते, लांबवता येणारी. नझारेनोच्या पहिल्या गाडीची. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गाडी गंजून संपली, एरियल राहिली. क्लबच्या तळघरातल्या कोर्टावर तो लिंबाएवढा पांढरा चेंडू, पालिनो, पडलेला असतो. दोन्हीकडचे मोठे चेंडू त्याच्या आजूबाजूला. कुणाचा जवळचा यावर सगळं जग अवलंबून. झिया गुडघ्यांवर बसते, एरियल खटाखट उघडते, दोनदा मोजते आणि उठते. उठताना "मादोन्ना" म्हणते, ते गुडघ्यांसाठी. मग निकाल.

पूर्वी बायकांनी तळघरात यायचं ते सॉसेजचं ताट घेऊन, आणि ताट ठेवून परत जायचं. एका गुरुवारी दोन कप्तान पालिनोपाशी गुरगुरत उभे होते. ही ताट घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "निळा जवळ आहे. सॉसेज गार होतंय." निळ्यांना बाईने सांगितलेलं पटेना आणि लालांना निळा जवळ आहे हे पटेना. दोन्ही बाजू सारख्याच चिडल्या, म्हणजे ही निःपक्षपाती, असं म्हाताऱ्या अध्यक्षांनी ठरवलं. तेव्हापासून ती परत वर गेलीच नाही.

भिंतीवर नियमांचा फळा आहे, तो तिने रंगवलेला. त्यातला एकही नियम डोक्यातून आलेला नाही. प्रत्येकामागे एक माणूस आहे. 'संघ वेळेवर आला नाही तर सामना गेला. सासू वारली असल्यास थोडं थांबू' हा नियम ज्याच्यामुळे आला, त्याची सासू एका मोसमात दोनदा वारली होती. 'चेंडू हातातून सुटेपर्यंत खेळाडूचं काहीही रेषेपुढे जाता कामा नये.' इथे आधी 'पाय' असा शब्द होता. मग एक गृहस्थ पाय मागे ठेवून, भाचीला कमरेचा पट्टा धरायला लावून, बाकी सगळ्या अंगाने रेषेपुढे ओणवे झाले. म्हणून 'काहीही'.

आणि सगळ्यात वरचा नियम: 'तक्रार कप्तानानेच करावी, दोन्ही हात खिशात घालून.' हा आला तो फिओरेन्झो स्काल्झीच्या वडलांमुळे. समोरचा कप्तान चेंडू कसा वळला ते हाताने दाखवत होता. दाखवता दाखवता त्या हाताने म्हाताऱ्याची कवळी उडाली आणि कोर्टात घरंगळत गेली. पालिनोला सगळ्यात जवळ कवळीच होती, असं अजूनही सांगतात.

हा नियम आल्यापासून तक्रारी आटोपशीर झाल्या. हात नसले की आमच्या माणसांना शब्द सुचत नाहीत. खिशात मुठी वळवळतात, खांदे उडतात, पँट हलते, आणि थोड्या वेळात माणूस स्वतःच दमून "जाऊ दे" म्हणतो. मी एकदा बदली कप्तान होते आणि लेगिंग घालून आले होते.

"झिया, माझी तक्रार आहे."

"खिसे?"

"नाहीयेत."

"खिसा नाही, मत नाही."

नझारेनो हा या क्लबातला तक्रारींचा राजा. पोलादाच्या कारखान्यात युनियनचा माणूस होता, सवयच ती. आमच्या चौघांच्या संघाचा तो कप्तान. मी चौथी, कारण आधीचा चौथा टोरांटोला लेकाकडे गेला. बायको पंच असल्याचा नझारेनोला काडीचा फायदा नव्हता. उलट तिने बाद म्हटलं की तो आनंदाने हात खिशात कोंबायचा, "बाई, तुझे डोळे गेलेत" इथून सुरू करायचा, आणि ती एरियल मिटत म्हणायची, "झालं? पुढचा."

उन्हाळ्यात तो टोमॅटोच्या वाफ्यात पडला. अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, बोलणं सुधारलं, हात ठीक राहिले. उजवा पाय मात्र ओढायला लागला आणि डाव्या हातात काठी आली. डॉक्टर म्हणाले, "खेळा, उलट बरं." तो खेळायला आला. पण चेंडू टाकताना पुढे झुकावं लागतं, आणि झुकलं की तोल सांभाळायला काठी पुढे टेकवावी लागते. ती टेकायची बरोबर रेषेच्या पलीकडे, वीतभर.

"बाद," झिया म्हणाली. धाड.

समोरचा संघ फिओरेन्झोचा, त्याने तक्रार केली नव्हती, कुणीच केली नव्हती. फिओरेन्झोने घाईघाईने हात खिशात घातले.

"झिया, सोड ना. काठीला बोटं असतात का?"

"नसतात."

"मग ती पाय कशी?"

"पाय कोण म्हणालं? फळा वाच. काहीही."

"अगं, म्हातारा माणूस आहे!"

"तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. झालं? पुढचा."

सगळे नझारेनोकडे बघत होते. आता हा उसळणार. तो उसळला नाही. "बरोबर आहे तिचं," एवढंच म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. काठी पुढे, चेंडू बाद, नझारेनो बाकावर. एक शब्द नाही. भिंतीकडे बघत सॉसेज चघळत बसायचा.

हे गंभीर होतं, कारण फळ्यावर आणखी एक नियम आहे. नुसते जेवायला येणाऱ्यांसाठी केलेला: डिसेंबरातल्या सांता लुचियाच्या सणाआधीच्या गुरुवारपर्यंत ज्याने एकही वैध चेंडू टाकला नाही, त्याचं नाव लीगमधून कमी. कमी झालेली माणसं वरच्या मजल्यावर पत्ते खेळतात. वर सूप मिळतं, हीटर चांगला आहे, आणि तिथून कुणी परत खाली आलेलं नाही. नझारेनो स्वतःच त्या मजल्याला कबरस्तानाची वेटिंग रूम म्हणायचा. एका गुरुवारी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "वर पत्त्यांत ब्रिस्कोला खेळतात की स्कोपा?" झिया एरियल पुसत होती. पुसायची थांबली, मग पुन्हा पुसायला लागली.

फिओरेन्झो समितीतल्या दोघांना घेऊन तिच्याकडे गेला. "आपण नियम बदलू. फक्त नझारेनोसाठी. मत घेऊ, सगळे हो म्हणतील."

"म्हणतील," झिया म्हणाली. "मग तो खेळणार नाही. तुम्ही त्याला खेळवणार. दया करायचीय? वर जा, वाढपी कमी आहेत."

त्या रात्रीच्या भांड्यांच्या वेळी मी स्वयंपाकघरात नेहमीसारखी झियाची नक्कल करत होते. लाटणं एरियलसारखं धरून, "मादोन्ना" म्हणत उठून, "पोपसुद्धा बाद! टोपी रेषेपुढे!" बायका हसून ओट्याला टेकल्या होत्या. त्या अचानक ताट पुसायला लागल्या तेव्हा मला कळलं की मागे कोण आहे.

"पोपटीणबाई," झिया म्हणाली, "'मादोन्ना' आधी नाही. आधी उजवा गुडघा, मग 'मादोन्ना', मग डावा."

मी घाबरले होते, म्हणून जास्तच बोलले. "झिया, तो कधीच वैध चेंडू टाकू शकणार नाही. काठीशिवाय त्याला उभंच राहता येत नाही. हे सगळ्यांना दिसतंय, तुलाच दिसत नाही."

"पैज?"

"पैज. मी जिंकले तर एक गुरुवार एरियल माझ्याकडे. मी पंच."

"आणि मी जिंकले तर," ती हात पुसत म्हणाली, "ईस्टरपर्यंत तू फक्त स्वतःच्या आवाजात बोलायचं."

बायका पुन्हा हसल्या. मीही हसले. पैज सोपी होती.

सांता लुचियाच्या आधीच्या गुरुवारी बर्फ इतका होता की फिओरेन्झो फावडं घेऊनच तळघरात उतरला. तालारिको नवराबायको जिन्यावरूनच ऐकू यायला लागले.

"मी म्हटलं तेलकट. वाईट नाही म्हटलं!"

"दोन घास कमी खाल्लेस!"

"तेल होतं म्हणून! घशातून घसरले!"

खेळ सुरू झाला. पालिनो लांब पडला, मागच्या फळीजवळ. नझारेनोने पहिला चेंडू घेतला, काठी टेकवली, झुकला आणि सोडला. तो चेंडू मी विसरणार नाही. संथ गेला, फिओरेन्झोच्या दोन चेंडूंच्या मधून गेला, आणि पालिनोला अंग घासून थांबला. मांजर थांबतं तसा. कुणीतरी शिट्टी वाजवली.

"बाद," झिया म्हणाली.

नझारेनोचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "मला तक्रार करायचीय!"

"कप्तान आहेस. हात खिशात."

"धर गं," म्हणून त्याने काठी माझ्या अंगावर फेकल्यासारखी दिली आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घुसवले. "बाई! इतकी वर्षं मी या कोर्टाला पाणी घालतोय! ही रेषा मी आखली! चुना मी आणला! तू तेव्हा वर नूडल लाटत होतीस! तो चेंडू बघ! बघ त्याच्याकडे! त्याला बाद म्हणतेस? तुझ्या बापाने असा चेंडू टाकला असता तर तू त्याची मिरवणूक काढली असतीस!"

एरवी ती इथे "झालं?" म्हणते. त्या दिवशी तिने विचारलं, "अजून?"

"अजून! वांगी तेलकट होती!"

"अजून?"

"परवाचीसुद्धा!"

फिओरेन्झोने मला कोपर मारलं आणि हनुवटीने खाली दाखवलं. मी नझारेनोचे बूट बघितले. दोन्ही जमिनीवर, जरा फाकलेले. हात खिशात, काठी माझ्याकडे, आणि हा माणूस टाचांवर मागेपुढे होत ओरडतोय. सगळ्या तळघराला दिसत होतं. त्याला सोडून.

"अजून?"

"नाही," तो धापा टाकत म्हणाला. "सध्या एवढंच."

"तक्रार फेटाळली. तुझा एक चेंडू उरलाय. टाक." त्याने काठीसाठी माझ्याकडे हात केला. "पोपटीणबाई, जागची हलू नकोस. नझारेनो, टाक. आहेस तसाच."

तेव्हा त्याने खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिला. फिओरेन्झो कुजबुजला, "पडेल गं हा." झिया एरियलचं टोक बोटाने दाबत होती. नझारेनोने चेंडू उचलला, झुकला नाही, नुसता हात हलवला आणि सोडला.

इतका वाईट चेंडू त्या कोर्टाने पाहिला नसेल. वाकडा गेला, बाजूच्या फळीवर आपटला आणि अर्ध्या वाटेतच झोपला. नझारेनो डगमगला, उभा राहिला.

"वैध," झिया म्हणाली. या वेळी दार आपटलं नाही.

आम्ही तो डाव हरलो आणि सामनाही. नझारेनोचं नाव लीगमध्ये राहिलं. बाकावर बसून तो फिओरेन्झोला सांगत होता, "पहिला चेंडू बघितलास ना? तो खरा. दुसरा तिने घाई केली म्हणून."

भांड्यांच्या वेळी मी झियाला गाठलं. "तुला आधीच माहीत होतं."

"घरी भांडताना काठी फ्रिजला टेकलेली असते. हा मोरीपासून दारापर्यंत फिरतो, दारापासून मोरीपर्यंत. भांडण संपलं की काठी शोधतो."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पडला असता." तिने ताट माझ्या हातात दिलं. "आणि तू मला झिया म्हणाली नाहीस."

"झिया," मी म्हणाले, माझ्या आवाजात. तो फारच पातळ वाटला.

पैज मी हरले. ईस्टर अजून लांब आहे, आणि क्लबात लोक मला विचारतात की बरं नाही का. पण ठरलं होतं ते बोलण्याबद्दल. लिहिण्याबद्दल काहीच ठरलं नव्हतं, आणि हे मी दोन्ही हात खिशात घालून सांगायला तयार आहे. आता माझ्या सगळ्या पँटना खिसे आहेत.