बोल्टची घासलेली बाजू

सतराचा पाना बोल्टवर बसला आणि जोर दिल्याबरोबर नुसताच फिरला. बोल्ट तसूभरही हलला नाही. मी उंद्रीतल्या एका घराच्या मागच्या पडवीत, मोटारसायकलखाली एका कुशीवर पडलो होतो. भर दुपार होती. दोन बायका श्वास रोखून माझ्याकडे बघत होत्या. चौतीस वर्षं चिखलीत गॅरेज चालवलं, पण माझं काम इतक्या गंभीरपणे कोणी पाहिलं नव्हतं.

हा बोल्ट म्हणजे ड्रेन बोल्ट. इंजिनाच्या पोटाखालचं बूच म्हणा. तो सोडला की जुनं ऑइल खाली येतं. त्याच्या डोक्याला सहा कोपरे असतात आणि पाना त्या कोपऱ्यांना धरतो. कोपरे घासून गोल झाले की पाना धरणार कशाला? याला आम्ही बोल्ट स्लिप झाला म्हणतो. घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांनी माझं निम्मं आयुष्य असल्या बोल्टांत घालवलं आहे.

"मीच खराब केला चाचा," सुनंदा म्हणाली. "मोबाइलवर पाहून ऑइल बदलू म्हनलं. एकदाच पाना लावला अन् घसरला."

सुनंदा ही घरची सून. गाडी तिच्या नवऱ्याची, गजाननची. तो दोन वर्षांपूर्वी याच गाडीवरून घाटात पडून गेला. आता सुनंदाला चिखलीच्या एका दवाखान्यात काम मिळालं होतं, पुढच्या सोमवारपासून, सकाळी आठची ड्युटी. पहिली बस पोहोचते नऊला. म्हणजे गाडी चालू झाली तर नोकरी, नाहीतर नाही.

पण मधे एक कावळा होता. गजाननच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काका म्हणाले, लेकरांना शिकवू. मामा म्हणाले, सुनेला अंतर देणार नाही. कावळा झाडावरून हलेना. शेवटी आई, कमलाबाई, म्हणाल्या, "तुह्या गाडीले कोनी हात लावनार नाही रे बापा." आणि कावळा खाली आला. पोलीस स्टेशनातून टेम्पोत घालून आणलेली गाडी त्या दिवसापासून ताडपत्रीखाली तशीच. आमच्यात कावळ्याचं काही नसतं, पण हे सांगताना त्या आईचा चेहरा पाहून मी मान खाली घातली.

सुनंदाच्या हट्टापुढे कमलाबाईंनी शेवटी कौल लावला होता. "भाई, बोल्ट सुटला तर माह्या लेकाची परवानगी हाय असं समजीन. नाई सुटला, तर या गाडीचं नाव काढायचं नाई."

म्हणजे माझा पाना देवाच्या जागी बसवला होता. मला हे अजिबात आवडलं नाही.

मी टॉर्च लावून बोल्ट नीट पाहिला. आणि पुन्हा पाहिला.

कोपरा कोणत्या बाजूने घासला आहे, त्यावरून पाना कुठल्या दिशेने फिरवला ते कळतं. सोडताना एक बाजू झिजते, आवळताना दुसरी. हा बोल्ट आवळायच्या बाजूने झिजला होता. तोही एकदा-दोनदा नाही. सहाही कोपरे गुळगुळीत, आणि पाना लागतो तिथलं लोखंड ताजं चकचकीत. दोन वर्षं उभ्या गाडीच्या बोल्टवर गंज आणि धूळ पाहिजे.

"पोरी, हा तुह्यानं खराब नाई झाला," मी म्हणालो. "याले कोनीतरी आवळून राह्यलं. रोज."

सुनंदाने सासूकडे पाहिलं. कमलाबाई हळूच म्हणाल्या, "मले ठाऊक हाय. तोच येते. दुपारचा टक टक आवाज येते. मी मागचं दार लावून घेते अन् देवाचं नाव घेते."

"वाकून पायलं काऊन नाई कधी?"

"पायलं अन् तो दिसला तर?"

सुनंदा दिवसभर वावरात असायची, तिने आवाज ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. लेकरं दुपारी शाळेत. घरात तिसरं मोठं माणूस म्हणजे गजाननचे वडील, आबा. ते आतल्या खोलीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. मुलगा गेल्यापासून त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता.

मी बोल्टवर गंज सोडवायचा स्प्रे मारला. तो मुरायला पंधरा मिनिटं लागतात. कमलाबाईंनी लगेच गाडीवर ताडपत्री ओढली. "दुपारची उघडी नका ठेवू," म्हणाल्या. आम्ही स्वयंपाकघरात चहाला बसलो. मी बशीत चहा ओतला आणि तेवढ्यात ऐकलं.

टक. मग थोडा वेळ काही नाही. मग टक.

हा आवाज मी झोपेतही ओळखीन. कोपऱ्यावरून पाना निसटला की असाच आवाज येतो. कमलाबाई दार लावायला उठल्या. मी त्यांच्या आधी दारात पोहोचलो. धीट आहे म्हणून नाही. माझा पाना बाहेर पडला होता आणि माझ्या पान्याला कोणी हात लावलेला मला चालत नाही.

पडवीत कोणी नव्हतं. ताडपत्री खाली जमिनीपर्यंत आलेली, आणि तिच्या कडेखालून एक हात बाहेर दिसत होता. सुरकुतलेला, करडा. ताडपत्री हलली, आत लोखंड वाजलं. टक.

मी ताडपत्री उचलली. आबा होते. त्यांच्या खोलीचं एक दार पडवीतच उघडत होतं. जमिनीवर आडवे पडून, जुना गंजलेला पाना दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बोल्ट आवळत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. हातात जोर नव्हता, म्हणून पाना दर वेळी निसटत होता. भूत पाहिलं असतं तर परवडलं असतं.

सुनंदाने तोंडाला पदर लावला. मग हळूहळू तिनेच सांगितलं. दोघं बापलेक गाडीचं ऑइल नेहमी घरीच बदलायचे. त्या दिवशी सकाळीही बदललं. गजाननने ऑइल ओतलं, आबांनी बोल्ट आवळला. तासाभरात घाटातून फोन आला. ज्यांनी त्याला उचललं, ते घरी येऊन म्हणाले होते, "गाडीखाली लय तेल सांडलं होतं."

ऑइल सांडलं की इंजिन जाम होतं, इंजिन जाम झालं की चालत्या गाडीचं मागचं चाक अडकतं, आणि घाटात चाक अडकलं तर माणूस पडतोच. एवढं आबांनाही माहीत होतं. बोल्ट आपण ढिला ठेवला, असं मनात धरून ते दोन वर्षं त्याला आवळत होते.

मी आबांना हाताला धरून उठवलं आणि गाडीजवळच पाटावर बसवलं. "आबा, आता तुमच्यासमोर सोडतो," म्हणालो. सोमवारची ड्युटी होतीच. पण आता मला त्या बोल्टामागचं पाहायचं होतं.

असा बोल्ट सोडायची पद्धत सांगतो. डोकं कानशीने घासून एक नंबर लहान करायचं. मग सतराऐवजी सोळाचा रिंग पाना हातोडीने ठोकून घट्ट बसवायचा. रिंग पाना म्हणजे बोल्टला चहूबाजूंनी धरणारा. पान्याला पाइप लावायचा आणि हळू, एकसारखा जोर द्यायचा. झटका दिला तर इंजिनाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तडकतं. मग कौल काय लागला असता, ते सांगायलाच नको.

मी अर्धा तास कानस चालवली. पाना ठोकला. पाइपवर भार दिला. काहीच नाही. आणखी भार दिला. कमलाबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. आणि एकदम कर्रर्र आवाज होऊन पाइप माझ्या हातात खाली आला. बोल्ट सुटला होता.

खाली मापाचं भांडं ठेवलं होतं. दोन वर्षं उभ्या गाडीतून काळं, जाड तेल येईल म्हणून मी हात मागे घेतला. आलं ते मधाच्या रंगाचं, पातळ, कालच ओतल्यासारखं. मी बोट बुडवून पाहिलं. मग डोकं चाललं. त्याच सकाळी ओतलेलं ऑइल ते. जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर चाललेलं.

"डबा कितीचा होता, पोरी?"

"नऊशेचा. पुरा ओतला होता."

भांड्यात साडेआठशे मिलीच्या वर भरलं. थोडं आत चिकटून राहतंच. मी भांडं आबांच्या पुढे धरलं. मग त्यांचा हात धरून पुढच्या चाकाजवळ नेला. धक्के झेलणाऱ्या डाव्या शॉकअपचं सील फुटलेलं होतं आणि नळीवरून तेलाचा सुकलेला ओघळ खाली आला होता. गाडी आपटली की शॉकअप फुटतो आणि त्यातलं तेल रस्त्यावर येतं. पडल्यानंतर. आधी नाही.

"आबा, रस्त्यावर सांडलं ते हे. इंजिनातलं सगळं या भांड्यात हाय. मोजून घ्या."

आबांनी भांडं दोन्ही हातांत घेतलं. बोट लावून खूण पाहिली. पुन्हा पाहिली. दोन वर्षांनी त्यांच्या गळ्यातून आवाज आला, घोगरा, स्वतःशीच.

"आवळला होता म्या."

"हाव आबा," मी म्हणालो. "बराबर आवळला होता."

ते लहान मुलासारखे रडले. कमलाबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. मीही रडलो, आणि कानशीचा कीस डोळ्यात गेला असं सांगितलं.

नवा बोल्ट आबांनीच आवळला. शॉकअप आणि हँडल मी त्या आठवड्यात करून दिलं, आणि सोमवारी सुनंदा पावणेआठला दवाखान्यात होती.

त्या दुपारी मी निघताना मात्र ती फाटकापर्यंत आली. "चाचा, एक इचारू? मागच्या वर्षी आबा आठ दिवस दवाखान्यात होते. आई त्याइच्यासंगं. दुपारची मी घरी एकटी होती. तवा म्या बी तो टक टक आवाज ऐकला."

"पडवीचा पत्रा असंल," मी म्हणालो. "उन्हानं तापला की वाजते."

पत्रा वाजतो, हे खरं आहे. पण मी त्या पडवीत भर दुपारी तीन तास होतो. त्या काळात पत्रा एकदाही वाजला नाही.

तो गोल झालेला बोल्ट माझ्याकडे आहे. गाडी घरी दुरुस्त करणाऱ्यांना तो दाखवतो आणि दोनच गोष्टी सांगतो. सतराच्या बोल्टला सतराचाच रिंग पाना लावा. आणि बोल्ट कोणी खराब केला म्हणून घरात भांडायच्या आधी, तो कोणत्या बाजूने घासला आहे ते खाली वाकून बघा.