मेपलखालची माती

आज बटाटे उकडलेलं गरम पाणी चुकून कुंडीत सांडलं, आणि त्या मातीच्या वासाने मला अमेरिकेतल्या नोव्हाय गावातलं ताईचं बॅकयार्ड आठवलं. तिचा दीड वर्षांचा मुलगा तेव्हा हॉस्पिटलमध्ये होता आणि माझा मुक्काम तिच्याकडेच होता. आधी ताप आला, मग चालताना तोल जायला लागला, आणि एका सकाळी त्याने आईकडे बघणंच सोडलं. डॉक्टरांनी विचारलं, "मातीबिती तोंडात घालतो का?" बॅकयार्डातल्या मेपलच्या झाडाच्या बुंध्याशी रॅकून, म्हणजे तिकडचे मांजराएवढे रानटी प्राणी, रोज घाण करायचे. त्या घाणीतली जंतांची अंडी मातीबरोबर त्याच्या पोटात गेली होती आणि अळ्या मेंदूपर्यंत पोचल्या होत्या. ती अंडी उकळत्या पाण्यानेच मरतात हे कळल्यावर भावोजी घरी आले आणि झाडाखाली पातेल्यामागून पातेलं ओतत राहिले. वाफेत त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी म्हटलं, "भावोजी, पुरे आता, हात भाजतील." "पुरे कसं? शेजारची मुलंपण इथेच खेळतात ना," ते म्हणाले आणि पुन्हा आत गेले. भाचा वाचला. आता तो सात वर्षांचा आहे, पण त्याला दिसत नाही, बोलता येत नाही. फोनवर माझा आवाज ऐकला की तो मान वळवतो, असं ताई सांगते. खरंच वळवतो का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.