मरळीचं सुवेर आणि वाव्हळे सर

गौतमराव वाव्हळे सर माझ्या दारात पहिल्यांदा आले ते माझी चूक दाखवायला. त्या आठवड्याच्या सदरात मी त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. मथळा होता, ‘माशांची बाळंतपणाची रजा’. चिडून आलेली माणसं ओळखण्याचा मला सराव आहे, म्हणून दार अर्धंच उघडलं. सरांनी पिशवीतून कात्रण काढलं. एका वाक्याखाली तांबडी रेघ होती.

“मरळ पिल्लं देत नाही, अंडी घालते. एवढं दुरुस्त करा. बाकी विनोद ठीक आहे. चहा मिळेल का?”

चहा मिळाला. तेव्हापासून मी सरांच्या वर्गातला मागच्या बाकावरचा विद्यार्थी आहे. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहिण्याची माझी पात्रता एवढीच.

सर विज्ञानाचे शिक्षक. निवृत्तीनंतर आमच्याकडे माणसं एक तर प्लॉट घेतात, नाही तर गुडघे धरून बसतात. सरांनी नदी हातात घेतली. समुद्र आमच्यापासून इतका लांब की त्रिभुज प्रदेश आम्ही भूगोलाच्या पेपरातच पाहिलेला. पण गोदावरीला, म्हणजे आमच्या गंगेला, गंगाखेडच्या खालच्या अंगाला एक ओढा मिळतो, तिथं गाळाचा छोटासा त्रिकोण आहे आणि त्याच्या पायथ्याशी डोह. त्रिकोणावर एके काळी माणूसभर लव्हाळं होतं आणि डोहात मरळ मासा. पुढं वाळूवाल्यांनी डोहाचा तळ उपसला, ऊसवाल्यांनी काठ पाण्यापर्यंत नांगरला, आणि मासे घटले म्हणून भोई मंडळींनी मच्छरदाणीची जाळी लावली. त्यात उरलीसुरली पिल्लंही गेली. दोष कुणाचा, असं विचारलं की प्रत्येकाकडे दुसऱ्याचं नाव तयार असे. काठावर भोयांची बारा घरं. मासा परत आला नाही तर ही घरं पुण्याकडं मजुरीला उठणार, हे सगळ्यांना कळत होतं.

गौरवग्रंथात उत्सवमूर्तींच्या चुका सांगायच्या नसतात. पण सरांची ही एक चूक गाळली तर सर कळणारच नाहीत. त्यांनी डोहावर पत्र्याची पाटी ठोकली: ‘पावसाळ्यात मासेमारीस सक्त बंदी. आदेशावरून.’ आदेश कुणाचा, हे पाटीलाही ठाऊक नव्हतं. आठवड्यात पाटी गायब. सर शोधत गेले तेव्हा ती रुक्मिणबाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर होऊन बसलेली. बारा घरांत रुक्मिणबाईंचा शब्द चालतो.

सरांनी खुराडं नीट न्याहाळलं. “बाई, गळत नाही ना?”

“न्हाई सर. पत्रा चांगला हाय. अक्षर बी चांगलं हाय,” रुक्मिणबाई म्हणाल्या. “पण तुमी बंदी कुणावर घालायलाव? बंदी म्हणलं की मानसाचा हात शिवशिवतो. आमचा आजा मिरगानंतर मरळीचं सुवेर पाळायचा. मरळ काठाला आली की डोहात जाळं न्हाई. बाळंतिणीच्या खोलीत कुणी जातंय का?”

आता आली पंचाईत. बाळंतिणीच्या घरी पाळतात ते सोयर, आमच्या बोलीत सुवेर. सरांच्या घरातून सोयर, सुतक आणि पंचांग ही तिन्ही छप्पन सालच्या धम्मदीक्षेबरोबरच हद्दपार झालेली. बाईचा विटाळ नसतो, हे त्यांनी उभी नोकरी फळ्यावर लिहून शिकवलं, त्यापायी दोन गावांतून बदली ओढवून घेतली. आणि आता तोच शब्द डोहावर लिहायचा?

“बाई, हा शब्द मी आयुष्यभर खोडत आलोय,” सर म्हणाले.

“विटाळाचं काय काढलं मधीच? बाळंतिणीला कुणी कामाला जुंपू नये म्हणून ते दिवस. बाईच्या जातीला तेवढीच सुट्टी. तुमच्या पुस्तकात न्हाई का?”

सर दोन दिवस डोहाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी रंगाचा डबा घेऊन आले आणि नव्या पाटीवर लिहिलं: ‘मरळीला सुवेर हाय. दोन महिने जाळं नको.’ मी टिंगल केली ती याच पाटीची. मी म्हणालोही, “सर, शेवटी तुम्ही हरलात.” ते म्हणाले, “पासष्टीनंतर एक धडा नव्यानं शिकलो. तुम्ही याला हरणं म्हणत असाल तर माझे निम्मे विद्यार्थी रोजच जिंकत होते.” सदर लिहिणाऱ्याला असं उत्तर पुढं वर्षभर पुरतं.

पण सुवेर पाळायचं तर बारा घरांनी दोन महिने खायचं काय? सरांनी काठावर लव्हाळं आणि वाळा लावण्याचं काम रोजगार हमीत मागितलं. कचेरीतले साहेब म्हणाले, “गवत तर आपोआप उगवतं. खड्डा कुठं आहे? खड्ड्याशिवाय काम दाखवता येत नाही.” तीनदा अर्ज परत आला. चौथ्यांदा सरांनी लिहिलं, ‘गवताच्या मुळांसाठी खड्डे खोदणे.’ मंजूर! सरकारला मुळापर्यंत नेणं म्हणतात ते हे.

काठ मात्र बापूरावांच्या उसात गेलेला. “सर, धा पावलं सोडायची म्हणजे लय होतंय,” असं त्यांचं म्हणणं.

“बापूराव, गंगा दर पुराला तुमची माती नेते. दहा पावलं तिला आपण होऊन द्या. लव्हाळं बाकीची धरून ठेवील.”

बापूरावांनी सहा दिली. उरलेली चार पुढच्या पुरानं नेली. त्यानंतर बापूराव इतर बागायतदारांना स्वतःच समजावू लागले.

सरांच्या मायेबद्दल एकच सांगतो. माझे वडील ऑपरेशन होऊन परभणीला दवाखान्यात होते, तेव्हा सर रोज एसटीनं येऊन त्यांना पेपर वाचून दाखवत. अग्रलेखापासून बाजारभावापर्यंत सगळा. फक्त माझं सदर वगळून. “आजारी माणसाला हसवू नये, टाके तुटतात,” म्हणाले. माझ्या लेखनाला मिळालेला हा सर्वांत मोठा अभिप्राय.

पहिल्या पावसाळ्यात काहीच झालं नाही. मरळ आली नाही; चिलापी हा उपरा मासाच मिरवत राहिला. दिवाळीनंतर दोन घरांना कुलपं लागली. रुक्मिणबाईंनीही बोचकं बांधून ठेवलं. “सर, आनखी एक पावसाळा बघते. मग मी बी चालले.” सर “बरं” म्हणाले, आणि तेव्हापासून रोज सकाळी काठावर जाऊन बसू लागले.

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी मीही सरांसोबत काठावर होतो. रुक्मिणबाई लव्हाळ्यातूनच ओरडल्या, “सर, पळत या!” नव्या लव्हाळ्याच्या बुडाशी पाण्यात तांबडं फडकं हलल्यासारखं दिसत होतं. मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, एकमेकांना चिकटून. आणि खाली राखणीला त्यांचे आईबाप. सर धोतरासकट गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मी काहीतरी बोलणार, तर रुक्मिणबाईंनी मला दटावलं, “गप ऱ्हावा हो पेपरवाले. दचकतील.” पिल्लं की सर, ते त्यांनी सांगितलं नाही. घरी जाऊन त्यांनी बोचकं सोडलं.

सुवेर अजून पाळलं जातं. कुलूप लागलेल्या दोन घरांपैकी एक यंदा उघडलं; त्या घरच्या नातीचा शाळाप्रवेशाचा अर्ज सरांनीच भरला. दुसऱ्याचं कुलूप अजून तसंच आहे आणि सर जाता येता त्याच्याकडे बघतात. म्हणून सर, शतायुषी व्हा असं म्हणण्यात आमचा स्वार्थ उघड आहे. ते कुलूप निघेपर्यंत तरी तुम्ही ठणठणीत राहिलंच पाहिजे. निघालं की पुढचं कारण रुक्मिणबाई शोधतील. त्यांना तुमच्यासाठी काम काढायला खड्डा लागत नाही.