माझा सगळ्यात गाजलेला खून

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी वाहिनीवरून फोन आला. "मॅडम, तुमचे उत्तम पाच खून कळवा, पुन्हा दाखवायचेत." वीस वर्षं मालिकांसाठी खून लिहिले, म्हणून लाडाने यादी केली. पहिला अर्थातच मिरचीचा. उघड्या मैदानात पथारीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांत फावड्याने डोकं फोडलेला माणूस, आणि लालात लाल मिसळल्यामुळे दुपारपर्यंत कुणालाच न दिसलेलं रक्त.

दुपारी कोरीट गावी मिरच्या घ्यायला गेले. रिक्षावाल्याने तोलणाऱ्या बाईला कौतुकाने सांगितलं, "ह्या ताई टीव्हीवर खून लिखतस!"

तिने तराजू थांबवला. "मंग तो मिरचीवाला खून तुम्हीनच लिखा का?"

मी फुलून "हो" म्हटलं.

"मन्हा बाप व्हता तो. काकानी मारा, तो जेलमा शे. तुम्हीन खुनी मन्ही मायले करं."

खरंच होतं. बातमी वाचून लिहिताना शेवटी धक्का हवा, म्हणून मी फावडं बायकोच्या हाती दिलं. नवरा पडल्यावरही ती सात घाव घालते, असं लिहिलं.

"आजबी गावमा तिले फावडावाली म्हनतस."

मागे मिरच्यांचे देठ मोडत बसलेल्या तिच्या आईने मान वर केली नाही.

शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, खोटं जितक्या लोकांत बोललात तितक्याच लोकांत कबूल करा.

यादीतून तो भाग काढला आहे. तुमच्यापैकी कुणी तो पाहिला होता? त्या बाईने कुणालाही मारलं नव्हतं. ज्यांच्याबरोबर बसून पाहिलात, त्यांनाही एवढं सांगाल का?